कोसमटोल्याची पाळ आणि परदेशी पोती

बियाण्याचं रिकामं पोतं ही सरकारी मालमत्ता असते, हे तुम्हाला ठाऊक आहे का? नसणारच. नोकरी लागेपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं. आतलं बी शेतकऱ्याचं, वरचं पोतं सरकारचं. बी उगवलं की कुजलं की उंदरांनी खाल्लं, याची चौकशी फारशी होत नाही. पोतं परत आलं नाही तर मात्र चौकशी होते. हसू नका. कृषी खात्यात मी सारा जन्म घालवला, आणि अशा गोष्टींनीच माझे केस पांढरे झाले.

दिवाळी अंकासाठी खात्यातले गोड अनुभव लिहा, असा संपादकांचा आग्रह. गोड शोधत बसलो तर अंक होळीला निघेल. त्यापेक्षा जो अनुभव आठवला की आजही माझं डोकं फिरतं, तोच लिहितो. बायको म्हणते, तुमचं डोकं कशानेही फिरतं. असेल. पण हे ऐका आणि मग ठरवा.

मी आरमोरीचा. वडिलांचं बाजारात सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. मी कृषी पदविका केली आणि खात्यात लागलो. गावोगावी सगळे मला शेखभाऊ म्हणत. कृषी सहायक म्हणजे कोण, तर वर दिल्लीत, मुंबईत आणि कधीकधी परदेशातही जी योजना निघते, ती शेवटच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे शेताच्या बांधापर्यंत, नेऊन पोचवणारा माणूस. वर मोठमोठी ऑफिसं, आणि खाली मी आणि माझी मोपेड. योजना चांगली निघाली की फोटोत साहेब, फसली की समोर मी.

सुरुवातीची काही वर्षं कोरपन्याला कापसात काढली. तिथं कुठल्याशा मदतीतून फवारणीचे पंप आले. पंप आले, औषध आलंच नाही. पंप कोरेच्या कोरे पडून राहिले, आणि लग्नसराईत लोकांनी त्यातून वऱ्हाडावर गुलाबपाणी फवारलं. ‘पंपांचा वापर समाधानकारक’ असा अहवाल वर गेला. आता बोला! खोटं तरी कसं म्हणायचं?

मग बदली होऊन मी आपल्या भागात आलो, आरमोरीच्या पूर्वेला, जंगलात. नव्वदच्या दशकाचा शेवट असेल. एका परदेशाच्या मदतीने आदिवासी गावांसाठी सुधारित धानाचा प्रकल्प आला होता. देशाचं नाव घेत नाही. माणसं भली होती, त्यांचा पैसा प्रामाणिक होता. प्रकल्पात एक नवी जीप आली, टोप्या आल्या, डायऱ्या आल्या, लोखंडी फलक आले. आम्हाला प्रशिक्षणाला पुण्याला नेलं आणि तिथं पडद्यावर धानाची रोवणी, म्हणजे लावणी, कशी करतात ते दाखवलं. पिढ्यान् पिढ्या धान पिकवणाऱ्या झाडीपट्टीच्या माणसाला रोवणी! मी रागाने शेवटच्या रांगेत जाऊन झोपलो.

त्या भागात माझ्याकडे एक गोंडांचं गाव होतं. त्याला कोसमटोला म्हणू या. खरं नाव वेगळं आहे, उगाच कोणाला त्रास नको. गावाच्या वर मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या, काळातला तलाव, आणि तलावाच्या खाली उतरत गेलेल्या बांध्या. बांधी म्हणजे चारी बाजूंनी धुरे घालून पाणी अडवलेलं धानाचं लहान शेत. मधे पंधरा दिवस पावसाने दडी मारली की तलावाच्या पाण्यावरच धान जगायचा. म्हणजे गावाचं वर्षभराचं पोट त्या तलावाच्या पाळीवर होतं. पाळ म्हणजे मातीचा बांध. आणि नेमकी तीच पाळ पाणी सोडायच्या तोंडापाशी खचत चालली होती.

गावकरी दर उन्हाळ्यात बांबू ठोकून, चिकणमाती दाबून तिची मलमपट्टी करायचे. दर पावसाळ्यात ती थोडी आणखी खचायची. गावाचा भुमक, म्हणजे पूजापाठ करणारा म्हातारा, चैतूबाबा उसेंडी. मी गावात पाय ठेवला की जोहार घालायचे आणि लगेच विचारायचे, “शेखभाऊ, पाळ कवा?”

मी काय सांगणार? मी विचारून दमलो होतो. आमच्या साहेबांना, म्हणजे तालुका कृषी अधिकाऱ्यांना, मी म्हणालो, “साहेब, या प्रकल्पातून कोसमटोल्याची पाळ करू या. बियाण्याच्या आधी पाणी.” साहेब म्हणाले, “पाळीसाठी हेड नाही.” सरकारात पैसा ज्या खणातून निघतो त्याला हेड म्हणतात. बियाण्याचं हेड होतं, फलकाचं होतं, टोप्यांचं होतं, पाळीचं नव्हतं. मी सिंचनवाल्यांकडे गेलो. ते म्हणाले, तलाव महसूलचा. महसूलवाले म्हणाले, पाळीचं एक टोक जंगलात जातं, फॉरेस्टला विचारा. फॉरेस्टवाल्यांनी चहा पाजला आणि सांगितलं, मुरमाला फावडं लावलं तर गुन्हा दाखल करू. चहा चांगला होता.

तेव्हा पाळ राहिली आणि बियाणं आलं. पांढरीशुभ्र प्लास्टिकची पोती, त्यावर त्या देशाचा झेंडा आणि हातात हात दिलेलं चित्र. नियम असा की गावात तीन शेतकरी निवडायचे, त्यांच्या एकेका बांधीत नवं बी लावायचं आणि शेजारच्याच बांधीत जुनं. मग दोन्हींतला फरक गावाला दिसतो. याला आम्ही प्रात्यक्षिक म्हणतो, आणि त्यापुढे फलक ठोकतो. मी तिघं निवडले. त्यांत एक सुकमाबाई. तिचा नवरा नव्हता, बांधी अगदी पाळीच्या पायथ्याशी, आणि बाई कामाला वाघीण, जिभेला त्याहून. मी तिघांना बी दिलं, नीट समजावलं, आणि खुशीत घरी आलो.

रोवणी संपल्यावर गेलो तर प्रात्यक्षिक कुठे दिसेना. सुकमाबाईच्या बांधीत सगळा जुनाच धान. दुसऱ्याकडे तेच, तिसऱ्याकडे तेच. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

“बाई, बी कुठं गेलं? विकलं का?”

“विकतो कायले? पंडुमात गेलं नं.”

पंडुम म्हणजे गोंडांचा सण. पेरणीच्या आधी बियांचा पंडुम होतो. घरोघरचं थोडं थोडं बी भुमकाच्या अंगणात येतं, एका ढिगात मिसळतं, पूजा होते, आणि त्यातलं ओंजळ ओंजळ बी प्रत्येक घरी परत जातं. ते आपल्या बियात कालवून पेरायचं. त्या वर्षी या तिघांनी माझी पोतीच्या पोती त्या ढिगावर ओतली होती. चैतूबाबांनी सगळ्या घरांना सारखं वाटलं. म्हणजे माझं प्रात्यक्षिक गावभर पसरलं होतं, प्रत्येक बांधीत चिमूट चिमूट.

मी चैतूबाबांच्या अंगणात जाऊन अक्षरशः ओरडलो. “बाबा, अहो ते तिघांसाठी होतं! आता फरक कसा दाखवू मी?”

बाबा खाटेवर बसून बिडी वळत होते. “गावात बी आलं तं गावाचं झालं. तीन घरी द्याचं अन् बाकीच्यायनं पाहात राहाचं? असं कोणी करते का?”

“पण उपयोग काय झाला त्याचा? ठेंगणा धान उंच धानात मिसळला. ठेंगणा आधी पिकेल, तुमचा मागून. कापाल कसा? आधी पिकलेला पाखरं खातील!”

“हं,” बाबा म्हणाले. “ते तं होईन.” आणि बिडी पेटवली.

झालंही तसंच. पोपटांनी ताव मारला. बाबांची चूक होती, हे मी आजही म्हणतो. पण तीनच घरं निवडा हे ज्याने ठरवलं, त्याने गोंडांचं गाव कधी पाहिलं होतं का, हेही मी आजच म्हणतो. तेव्हा दोघांवर चिडून मोपेडला लाथ घातली, आणि ती चालू झाली नाही.

ऑक्टोबरात निरोप आला की परदेशातून पाहुणा येतोय, प्रात्यक्षिक पाहायला. साहेबांना खरं सांगितलं तर ते जागेवरच उभे राहिले. “शेख, वर काय सांगू मी? सणात वाटलं म्हणून?” दुसऱ्या दिवशी ते स्वतः जीप घेऊन गावात आले, सगळ्यात हिरवीगार बांधी शोधली, आणि तिच्यासमोर फलक ठोकायला लावला. ती बांधी चैतूबाबांची. पाळीतून पाणी झिरपायचं ते थेट त्यांच्या बांधीत, म्हणून धान छातीपर्यंत उभा होता. पंडुमातली ओंजळ सोडली तर सगळा जुना, त्यांच्या आज्याच्या वेळचा.

“साहेब, हा आपला धान नाही,” मी म्हणालो.

“पाहुण्याला समजते का?” साहेब म्हणाले.

पाहुणा आला. उंच, लालबुंद, घामाघूम, आणि खरंच मनापासून पाहणारा. खाली वाकून त्याने लोंबी हातात घेतली. मग चैतूबाबांना विचारलं, हे इतकं चांगलं कशामुळे आलं? साहेबांनी मराठीत विचारलं. बाबांना मराठी चांगली येते, पण गंभीर बोलायचं असलं की ते गोंडीतच बोलत. मला कामापुरती गोंडी येते. बाबा बराच वेळ बोलले. मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेलो: “हा धान आमचा जुना आहे. हा येरानं, म्हणजे पाण्यानं आला आहे. पाणी पाळीमुळे आहे. पाळ खचली आहे. ती एक दिवस जाईल, आणि खालच्या सगळ्या बांध्या रेतीखाली जातील. तुम्ही लांबून आलात, मोठे माणूस आहात. आम्हाला बी नको. पाळ करून द्या.”

साहेबांनी ते सगळं ऐकलं, घसा साफ केला, आणि पाहुण्याला इंग्रजीत सांगितलं की शेतकरी फार समाधानी आहे आणि त्याला आणखी बियाणं हवं आहे.

माझं इंग्रजी फाटकं, पण एवढं कळायला पुरे होतं. मला राहवलं नाही. मी पाळीकडे हात करून म्हणालो, “सर, वॉटर फर्स्ट. दिस वॉल, ब्रेकिंग.” साहेबांनी असं पाहिलं की दुसऱ्या कोणाची वाचा बसली असती. पाहुण्याने पाळीकडे पाहिलं. तिच्यामागे तलावात कमळं फुलली होती, बगळे बसले होते. “ब्यूटिफुल!” तो म्हणाला आणि त्याने फोटो काढला. तोवर साहेब त्याला जेवायला घेऊन निघाले होते.

चैतूबाबांनी मला विचारलं, “सांगतलं का त्यायले?”

“सांगितलं, बाबा,” मी म्हणालो. मी सांगितलं होतंच. पण जीप धूळ उडवत गेली आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पुढच्या वर्षी ट्रक आला. पाळीसाठी मुरूम घेऊन नाही, बियाणं घेऊन. पाहुण्याने साहेबांचं इंग्रजी मनावर घेतलं होतं ना! आणि आला कधी? रोवणी संपून बांध्यांत रोपं उभी राहिल्यावर. आता पेरायचं कुठं, डोक्यावर? बियाण्याला विषारी औषधाचा गुलाबी हात लावलेला, म्हणजे खाताही येईना. सगळी पोती गोटुलात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या घरात, छपरापर्यंत रचून ठेवली. मला वरून हुकूम, वाटप दाखवा, अंगठे घ्या. मी अंगठे घ्यायला गेलो आणि दुसऱ्याच दिवशी पाऊस लागला.

असा पाऊस की नाल्याला पूर, रस्ता बंद, मी गावात अडकलेला. सकाळी गलका झाला. पाळीवर धावलो तर पाणी सोडायच्या तोंडापाशी पाळीला भगदाड पडलं होतं. बैल निघेल एवढं नव्हतं, कुत्रं निघेल एवढं. पण पाणी गढूळ येत होतं. गढूळ पाणी म्हणजे पाळ आतून वाहून चाललीय. खाली सगळ्या बांध्यांत नुकता जीव धरलेला धान, आणि सगळ्यात आधी सुकमाबाईची बांधी.

बायाबापे टोपल्यांनी माती टाकत होते आणि पाणी ती माती तशीच्या तशी घेऊन जात होतं. चैतूबाबा कमरेएवढ्या पाण्यात उभे, बांबू धरून, थंडीने थरथरत. “पोते आणा! कोणाघरी पोते असन तं आणा!” घराघरांत चार फाटकी पोती निघाली, तीही फाटली.

सुकमाबाई माझ्यापुढे येऊन उभी राहिली. नखशिखांत भिजलेली. “भाऊ, गोटुलात पोते आहेत.”

माझ्या तोंडून काय निघावं? “बाई, ते जमा करावे लागतात!”

त्या बाईने मला जे पाहिलं ना! म्हणाली, “तुमचं बी पेराले उशिरा आलं, भाऊ. पोते तं टाईमावर आले नं?”

मला हसू आलं, आणि खरं सांगतो, रडूही आलं. मी गोटुलाकडे धावत सुटलो. बायांना बजावलं की बियाला हात लावाल तर हात धुवा, पोरांना आत सोडू नका. मग आम्ही एकेक पोतं उसवून बी कोपऱ्यात ओतत गेलो. गोटुलाच्या अर्ध्या भुईवर गुलाबी धानाचा ढीग झाला. मुरूम कुठून आणला ते विचारू नका, फॉरेस्टवाले अजून नोकरीत असतील. पोती भरली, तोंडं सुतळीने शिवली, आणि हातोहात पाळीवर दिली. मीही वाहिली. पाठीवर झेंडा आणि हातात हात दिलेलं चित्र घेऊन चिखलातून पळणारा सरकारी माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. दुपारपर्यंत पाणी गढूळचं निवळ झालं, मग थेंब थेंब झालं. चैतूबाबांना बाहेर काढलं तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते. शेकोटीपाशी बसवल्यावर पहिला शब्द बोलले, “राह्यली.”

पाळ राहिली. धान आला. त्या वर्षी कोसमटोल्याने पोटभर खाल्लं.

आणि हिवाळ्यात साहेबांचा निरोप आला की कोसमटोल्याची रिकामी पोती अजून जमा नाहीत. मी म्हणालो, “साहेब, चला, दाखवतो.” त्यांना वाटलं गोटुलात ठेवली असतील. मी त्यांना पाळीवर नेलं. पाणी थोडं उतरलं होतं, आणि आतल्या बाजूला पोती एकावर एक दिसत होती, झेंडा बाहेर करून.

साहेबांनी वाकून पोती मोजायचा प्रयत्न केला. मग वरिष्ठाच्या आवाजात म्हणाले, “हे सरकारी आहे. काढावं लागेल.”

चैतूबाबा काठी टेकत मागून आलेच होते. त्यांनी हात जोडले. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. “काढून न्या साहेब, आम्ही काय नाई म्हणतो? फक्त पाणी मंग तुम्ही कुठी ठेवता, ते दाखवून जा.”

साहेब पाळीवरून उतरले आणि जीपमध्ये बसले. पोती ‘पावसाने खराब झाली’ असं पुढे कोणीतरी मान्य केलं. त्यानंतर प्रकल्पही संपला. जीप गेली, टोप्या विटल्या. फलक सुकमाबाईने गोठ्याला दार म्हणून लावला. पाळ मात्र कोणीच केली नाही. मी माझ्यापरीने दरवर्षी विचारत राहिलो, सिंचन, महसूल, फॉरेस्ट, सगळीकडे. नवीन साहेब आले, नवीन योजना आल्या, हेड काही निघालं नाही. गावकरी उन्हाळ्यात आपली पोती बदलायचे, मुरूम घालायचे. आणि मी गेलो की चैतूबाबांचा प्रश्न ठरलेला: “शेखभाऊ, पाळ कवा?” मी कधी हसून टाळायचो, कधी वैतागायचो. एकदा तर म्हणालो, “बाबा, मला काय विचारता, मी काय मंत्री आहे?”

निवृत्तीच्या आधी शेवटचा म्हणून गावाला गेलो. बाबा फार थकले होते, डोळ्यांना कमी दिसायचं. जोहार झाला, चहा झाला. सुकमाबाईने मोहाचे लाडू दिले. पावसाचं बोलणं झालं, माझ्या पोरीच्या लग्नाचं झालं. बराच वेळ गेला आणि मला जाणवलं की आज त्यांनी विचारलंच नाही. वाटलं, विसरले असतील. इतकी वर्षं ज्या प्रश्नाचा मला कंटाळा यायचा, तो नाही आला तर जीव कासावीस झाला. उठताना मीच म्हणालो, “बाबा, आज पाळीचं नाही विचारलं?”

त्यांनी चाचपडत माझा हात धरला.

“नाई विचारलं, भाऊ. कवाचं ठरवलं होतं. मी विचारलं का तुमचं तोंड उतरून जाते. मले तुमचं वाईट वाटते.”